मांडवी ते मामला : प्लेगशी झुंजलेल्या पेशीची गोष्ट

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याच्या वखारींभोवती उंदीर मरून पडू लागले आणि त्यामागोमाग माणसे आजारी पडू लागली. आधी हुडहुडी भरून ताप, मग डोके ठणकणे, ग्लानी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत किंवा काखेत हात लावू देणार नाही अशी दुखरी गाठ. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे घरोघर माहीत होते. पण येथे पायाला जखम नव्हती आणि अवधाण आलेला माणूस आठवडाही काढत नव्हता. मांडवीत रुग्ण तपासणारे, मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. सरकारला ते आधी पचनी पडले नाही, पण काही दिवसांतच मान्य करावे लागले. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे गावाकडे निघून गेली.

या साथीचा इतिहास आपण बहुधा तीन वाटांनी सांगतो. पहिली वाट पुण्याची. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला, प्लेग अधिकारी रँडच्या शिपायांनी घरे धुंडाळली आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. दुसरी वाट सावित्रीबाई फुल्यांची. मुंढव्याच्या वस्तीतून गायकवाड कुटुंबातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा प्राण घेतला. तिसरी वाट हाफकिनच्या लसीची. चौथी वाट सहसा कोणी धरत नाही. ती त्या सुजलेल्या गाठीच्या आत जाते. तेथे रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजत होत्या आणि बहुतेक वेळा हरत होत्या. आजच्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘न्यूट्रोफिल’ या नावाखाली ज्यांची टक्केवारी छापलेली असते, त्याच या पेशी. त्यांच्या कामाचा शोध आणि मुंबईची लस यांचे धागे एकाच गुरू-शिष्यांच्या जोडीपर्यंत पोचतात.

मेसिनातला काटा

वाल्देमार हाफकिन १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसात एका ज्यू कुटुंबात जन्मला. तेथल्या विद्यापीठात त्याला गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉफ. १८८२ साली विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून मेचनिकॉफांनी राजीनामा दिला आणि कुटुंबासह ते सिसिली बेटावरच्या मेसिनात जाऊन राहिले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली असताना ते सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहत होते. अळीच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी परक्या वस्तूवर चालून जात असतील का, असा प्रश्न त्यांना पडला. बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते अळ्यांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहिले तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता.

माणसाला काटा रुतला तर तेथे लाली येते, सूज येते, पू होतो. तोवरच्या वैद्यकाची समजूत अशी की पुवातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना वाहून अंगभर पसरवतात, म्हणजे त्या रोगाच्या मदतनीस. मेचनिकॉफांनी ही समजूत उलटी केली. या पेशी जंतू गिळतात आणि पचवतात, शरीर वाचते ते यांच्यामुळे, असे त्यांनी मांडले. रक्तात फिरणाऱ्या लहान भक्षक पेशी त्यांनी वेगळ्या ओळखल्या. त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख रक्ताचे थेंब काचपट्टीवर पसरून त्यांना नवनवे रंग देत होते आणि पांढऱ्या पेशींची वर्गवारी करत होते. मेचनिकॉफांच्या लहान भक्षक पेशी प्रामुख्याने एर्लिखच्या न्यूट्रोफिलच होत्या.

गुरूचे म्हणणे युरोपने सहजी मान्य केले नाही. १८९० मध्ये बेहरिंगने घटसर्पावर रक्तद्रव्याचा उतारा दाखवला आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ठणकावून सांगितले की रोगाशी लढतो तो रक्ताचा पातळ भाग, त्यात पेशींचे काम नाही. पेशी की रक्तद्रव, हा वाद पुढे वीस वर्षे चालला. मेचनिकॉफ १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. पुढच्याच वर्षी हाफकिन तेथे आला, पण जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. त्याने ती घेतली आणि उरलेल्या वेळात कॉलऱ्याची लस तयार केली. जुलै १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये तो ती घेऊन हिंदुस्थानात उतरला.

तुपाचा थेंब

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईला पाचारण करण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येरसिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, पण तो भरपूर वाढवणे सोपे नव्हते. हाफकिनने मांसाच्या सत्त्वाने भरलेल्या चंबूत वरून तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तवंगाखाली जंतूंची वाढ गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी खाली उतरू लागली. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे धरत. अशी वाढ काही आठवडे होऊ द्यायची, मग उष्णतेने सगळे जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालून कुप्या बंद करायच्या, ही त्याची रीत.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने १० घनसेंटिमीटर लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप चढला, अंग दुखले, आणि तो बरा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांचे खाणेपिणे, राहणे सारखेच होते. लस घेतलेल्यांत प्लेग कितीतरी कमी झाला.

लसीची मागणी वाढली तसा एका खोलीत पुरवठा होईना. आगाखानांनी स्वतः लस घेऊन आपल्या अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

पुण्यातली तपासणी आणि भायखळ्याची लस एकाच साथीतल्या, एकाच सरकारच्या काळातल्या. तपासणीत बायाबापड्यांना रस्त्यावर आणून काखा-जांघा चाचपल्या गेल्या, देवघरात बूट घालून शिपाई शिरले, सामान जाळले गेले. लोकांनी आजारी माणसे लपवली आणि साथ आणखी पसरली. हाफकिन सक्तीच्या विरुद्ध होता. आधी स्वतःला टोचून घ्यायचे, मग लोकांपुढे उभे राहून समजावायचे आणि जो पुढे येईल त्यालाच लस द्यायची, असा त्याचा आग्रह होता. ज्या लोकांनी शिपायांना पाहून घराची कवाडे लावून घेतली, त्यांतल्याच हजारोंनी लसीसाठी दंड पुढे केले.

गाठीच्या आत काय घडत होते

तेव्हा जे कोणालाच दिसले नव्हते ते आज पेशीपेशीने सांगता येते.

हाडांच्या पोकळीतला मगज निरोगी माणसात रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत साधारण ५० ते ७० टक्के वाटा यांचाच. रक्तात त्यांचे आयुष्य काही तासांचे, फार तर दिवसाभराचे. एवढ्या अल्पायुषी पेशीचे काम मात्र थक्क करणारे आहे. कातडी फाटून जंतू आत शिरला की तेथून रासायनिक इशारे सुटतात. जवळच्या रक्तवाहिनीत वाहणारा न्यूट्रोफिल भिंतीला घासत मंदावतो, चिकटतो आणि भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. त्याचे केंद्रक तीन ते पाच पाळ्यांत विभागलेले असल्यामुळे त्याला या अरुंद वाटेतून सरकता येते. मग तो जंतूला वेढून पोटात घेतो. आत घेतल्यावर त्याचा प्राणवायूचा वापर एकदम वाढतो आणि त्यातून जंतुनाशक रसायने तयार होतात. यातल्या एका लोहयुक्त विकराचा रंग हिरवट असतो आणि पुवाला हिरवट छटा येते ती त्याच्यामुळे. पू म्हणजे मुख्यतः कामी आलेले न्यूट्रोफिलच. त्यांची आणखी एक करामत २००४ मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेत आर्टुरो झिचलिन्स्की यांच्या गटाने दाखवली. काही न्यूट्रोफिल मरताना स्वतःच्या गुणसूत्रांचे धागे बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात जंतू अडकतो.

प्लेगच्या जंतूने नेमका या पहिल्या फळीवरच घाला घातला. पिसवेच्या थंड शरीरात असताना या जंतूला संरक्षक कवच नसते. पिसू चावल्यावर माणसाच्या कातडीखाली शिरलेले पुष्कळसे जंतू न्यूट्रोफिल खरोखरच मारून टाकतात. पण काही दुसऱ्या प्रकारच्या भक्षक पेशींत, म्हणजे मोठ्या भक्षकांत, तग धरून राहतात. तेथे ३७ अंशांच्या उबेत त्यांच्या अंगावर एका प्रथिनाचे कवच चढते आणि अतिसूक्ष्म सुईसारखी यंत्रणा उभी राहते. बाहेर पडलेला हा जंतू आता न्यूट्रोफिलला भिडला की त्या सुईतून आपली प्रथिने सरळ त्याच्या अंगात सोडतो. न्यूट्रोफिलची गिळण्याची हालचालच लुळी पडते. २००५ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की जंतू ही सुई वाटेल त्या पेशीवर चालवत नाही. न्यूट्रोफिल आणि मोठ्या भक्षक पेशी अशा रक्षक पेशीच तो हेरून गाठतो.

म्हणून प्लेगच्या रोग्याच्या रक्तात न्यूट्रोफिल कमी नसतात, उलट कैक पटींनी वाढलेले असतात. मगज लोंढ्याने कुमक पाठवत असतो. जांघेतली ती गाठ अशाच पेशींनी, जंतूंनी आणि रक्तस्रावाने गच्च भरलेली असते. एवढी कुमक येऊनही जंतू गिळला जात नाही. गाठीचा बांध फुटला की जंतू रक्तात उतरतो, आणि मग १८९७ च्या वैद्याच्या हातात काहीच उरत नव्हते.

कालवण

मृत जंतूंची हाफकिनची लस काम करत होती, पण कशी, हे कळायला आणखी काही वर्षे लागली. गंमत अशी की प्लेगवर काम करणारी बडी मंडळी एकामागून एक मुंबईतच येत होती. १८९७ मध्ये येरसिन आपले रक्तद्रव घेऊन आला, पण त्याचा फारसा गुण आला नाही. रॉबर्ट कॉख त्याच वर्षी येऊन गेला. पॉल-लुई सिमाँ येथे काम करू लागला आणि १८९८ मध्ये कराचीत त्याने उंदरांपासून प्लेग पसरवते ती पिसू, हे प्रयोगाने दाखवले. त्या वर्षअखेरीस ब्रिटिश सरकारचा प्लेग आयोग आला. त्यात दोन नावे आपल्या गोष्टीतली होती. मार्क आर्मां रफर पॅरिसमध्ये मेचनिकॉफांच्या हाताखाली शिकलेला. दुसरा आल्मरोथ राइट. आयोगाने हाफकिनच्या लसीचे माप पक्के नसल्याबद्दल दोष दिला, पण लसीने प्लेग कमी होतो हे मान्य करून ती वापरावी असे सांगितले.

हाच राइट लंडनला परतल्यावर १९०३ मध्ये स्टुअर्ट डग्लस यांच्यासह एका साध्या प्रयोगाने वीस वर्षांचा तंटा मिटवण्याच्या वाटेला लागला. त्यांनी पांढऱ्या पेशी धुऊन त्यांच्यापुढे जंतू ठेवले, तेव्हा पेशींनी त्यांना फारसे तोंड लावले नाही. मग ताज्या रक्ताचे द्रव मिसळले आणि त्याच पेशी जंतूंवर तुटून पडल्या. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, तिला कालवण लागते, तसे रक्तद्रवातले काही घटक जंतूला चिकटून त्याला गिळण्याजोगा करतात. राइटने त्यांना ‘ऑप्सोनिन’ म्हटले. पेशी आणि रक्तद्रव हे वैरी नव्हते, जोडीदार होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि एर्लिख यांना विभागून मिळाले तेही याच अर्थाने योग्य ठरले.

परळच्या लसीचे मर्म आता उलगडते. लस टोचलेल्या माणसाच्या रक्तात प्लेगच्या जंतूच्या कवचाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. पुढे खरा जंतू आला की ती त्या कवचाला चिकटतात आणि भक्षक पेशींना जंतूवर पकड मिळते. म्हणजे पॅरिसमध्ये ग्रंथपालाची खुर्ची घेतलेल्या शिष्याने मुंबईत जी लस बनवली, तिचा हात गुरूने मेसिनात पाहिलेल्या भक्षक पेशींच्या पाठीवर होता.

हाफकिनच्या वाट्याला मात्र अन्याय आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एका कुपीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ढकलला गेला आणि हाफकिनला कामावरून दूर केले गेले. कुपी गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुराव्यातून दिसत होते. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्याची बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला. पण मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्याचा मृत्यू झाला. तोवर हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले होते. लस नसती तर हा आकडा आणखी वाढला असता.

मामल्याचे उंदीर

पुढे सल्फा औषधे आली, स्ट्रेप्टोमायसिन आले, आणि प्लेग हा हमखास मारणारा रोग राहिला नाही. १९६६ नंतर देशात रुग्ण सापडला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मराठवाडा हादरला. त्या धास्तीने पुष्कळ गावांत माणसे घराबाहेर झोपू लागली आणि घरात धान्य तसेच राहिले. पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात पिसवांचा उच्छाद झाला आणि उंदीर पडू लागले.  जांघेत गाठ आणि ताप असलेले रुग्ण दिसू लागले, आणि मांडवीची ९८ वर्षांपूर्वीची लक्षणे जशीच्या तशी मराठवाड्याच्या दारात उभी राहिली.

या वेळी टेट्रासायक्लिन होते, पिसवा मारायला पावडरी होत्या, घरोघर जाऊन तपासणारी आरोग्यपथके होती. मामल्याच्या साथीत कोणी दगावले नाही. काही आठवड्यांतच सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला, तेथे पन्नासहून अधिक माणसे गेली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. त्याची धास्ती आपल्याकडेही पोचली. औषध दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. पण येथेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टेट्रासायक्लिन जंतूला मारण्यापेक्षा त्याची वाढ रोखते. रोखलेला जंतू साफ करायचे काम शेवटी रुग्णाच्या न्यूट्रोफिललाच करावे लागते.

रिपोर्टवरची ओळ

संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तापाने आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचे रक्त आजही पहिल्यांदा सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, जाते. त्यातल्या न्यूट्रोफिलच्या ओळीवरून डॉक्टरांना पहिला अंदाज येतो. वाढ असेल तर जंतुसंसर्गाकडे, घट असेल तर काही विषाणू, औषधे किंवा मगजाच्या आजाराकडे लक्ष जाते. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तर ही ओळ जीवनमरणाची असते. केमोथेरपीने मगज थंडावतो आणि न्यूट्रोफिल घनमिलिमीटरमागे पाचशेच्या खाली गेले की साधा तापही प्राणघातक ठरू शकतो. अशा रुग्णाच्या गाठीत पुष्कळदा पू होत नाही, घसा सुजत नाही, कारण सूज घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. फक्त ताप असतो. १९९१ पासून मिळू लागलेली, मगजाला न्यूट्रोफिल बनवायला लावणारी इंजेक्शने म्हणूनच या रुग्णांना वरदान ठरली. काही बालकांत जन्मतःच न्यूट्रोफिलला जंतू मारता येत नाही. अशा आजारांचे निदान मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते.

अति झाले की हीच पेशी घातकही ठरते. २०२० च्या कोविड साथीत गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांत न्यूट्रोफिलचा लोंढा शिरे, त्यांच्या जाळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांना आधार मिळे. डॉक्टर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी यांचे गुणोत्तर काढून कोणता रुग्ण बिघडेल याचा अंदाज बांधत होते. संधिवातात हीच पेशी सांध्यात शिरून दाह वाढवते.

मांडवीपासून कोविडपर्यंतच्या या इतिहासाचा निष्कर्ष माझ्या दृष्टीने स्पष्ट आहे. लस किंवा औषध एकट्याने लढत नाही. शरीरात आधीच असलेल्या या पेशींना हात दिला तेव्हाच साथी आटोक्यात आल्या, आणि लोकांचा विश्वास मिळवला तेव्हाच तो हात घरोघर पोचला. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविकाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आणि गावात उंदीर पडू लागले, तर ते गुपचूप पुरून न टाकता आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.